स्टॅटिसची लागवड, वापर आणि सुकवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅटिस या सुकवून ठेवता येणाऱ्या रंगीत फुलाविषयीचे प्रश्न आमच्याकडे वर्षातून दोनदा गर्दी करतात. एकदा नवरात्राच्या आसपास, बियांची पुडी हातात पडल्यावर, आणि दुसऱ्यांदा गणपतीच्या आधी, सुकवलेल्या जुड्या माळ्यावरून खाली काढल्यावर. वाई परिसरात आम्ही हे पीक घेतो आणि त्याच अनुभवावर पुढील उत्तरे आधारलेली आहेत. जिथे कोकणातली, विदर्भातली किंवा परदेशातली परिस्थिती वेगळी आहे, तिथे तसे नमूद केले आहे.

१. स्टॅटिस, लिमोनियम आणि सी लॅव्हेंडर ही एकाच फुलाची नावे आहेत का?

बाजारात ही तिन्ही नावे सरमिसळ वापरली जातात, त्यामुळे बी किंवा फुले मागवताना घोटाळा होतो. या पानावर ज्या फुलाविषयी लिहिले आहे त्याचे शास्त्रीय नाव लिमोनियम सिन्युॲटम असून त्याचे मूळ स्थान भूमध्य समुद्राचा परिसर आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याचा समावेश स्टॅटिस या वंशात केला होता आणि १७६८ मध्ये फिलिप मिलरने त्याला लिमोनियम या वंशात नेले. शास्त्रज्ञांनी जुने नाव सोडून दिले तरी फुलवाल्यांनी ते सोडले नाही. फुलबाजारात नुसते ‘लिमोनियम’ म्हटले, तर बहुधा बारीक फांद्यांचे, धुक्यासारखे विरळ दिसणारे संकरित प्रकार पुढे केले जातात. सी लॅव्हेंडर हे नावही अशाच जातींना अधिक लागू पडते.

ओळखण्याची सोपी खूण काडीवर असते. आपल्या स्टॅटिसच्या काडीला लांबीभर हिरवे, नागमोडी पंख असतात आणि बोट फिरवले की ते लगेच जाणवतात. खऱ्या लॅव्हेंडरशी मात्र या झाडाचे काहीही नाते नाही. लॅव्हेंडर तुळशीच्या कुळातले आणि सुगंधी आहे, तर स्टॅटिस आपल्या चित्रकाच्या कुळातले असून त्याला म्हणण्यासारखा सुवास नाही. सुवासासाठी कोणी हे फूल विकत असेल, तर ते घेऊ नये.

२. फुलांमधले इवले पांढरे तुकडे गळू लागले आहेत. झाड आजारी आहे का?

नाही. गळतात त्या खऱ्या पाकळ्या आहेत. जांभळा, निळा, गुलाबी किंवा पिवळा जो भाग आपण फूल म्हणून पाहतो, तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निदलपुंज आहे, म्हणजे कळीच्या बाहेरचे आवरण. त्याच्या नरसाळ्यातून एक लहानसे, बहुधा पांढरे फूल डोकावते, काही दिवस राहते आणि वाळून गळून पडते. रंगीत निदलपुंज मात्र तसाच राहतो.

ही गोष्ट नीट लक्षात आली तर पुढची बरीच उत्तरे आपोआप कळतात. जो भाग आपल्याला हवा असतो तो झाडावर असतानाच जवळजवळ कोरडा झालेला असतो. पूर्ण उमललेला तुरा दोन बोटांत हलकेच चोळून पाहावा, पतंगाच्या कागदासारखा चुरचुर आवाज येतो. गुलाब सुकवताना पाकळीतले पाणी बाहेर काढावे लागते. स्टॅटिसमध्ये पाणी मुख्यतः काडीत असते आणि आपल्याला सुकवायची असते ती काडीच.

३. महाराष्ट्रात बी कधी पेरावे?

पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर अशा देशावरच्या भागात सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम असतो. ट्रेमध्ये पेरलेली रोपे पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगी होतात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये ती वाफ्यात जातात आणि डिसेंबर-जानेवारीची सगळी थंडी त्यांना जमिनीत बसून मिळते. जानेवारीच्या अखेरीस पहिले दांडे दिसतात, फेब्रुवारीत बहर येतो आणि मार्चअखेरपर्यंत काढणी चालते.

विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरचे ऊन कोवळ्या रोपांना झेपत नाही. तेथे दसऱ्यानंतर, सावलीच्या जाळीखाली पेरावे. मात्र उशीर करण्याला मर्यादा आहे. डिसेंबरमध्ये पेरलेल्या रोपांची वाढ होईपर्यंत थंडी निघून जाते आणि मग प्रश्न ७ मधली तक्रार हमखास येते.

४. बी उगवतच नाही. पुडी खराब होती का?

क्वचित तसे असते, पण बहुतेक वेळा पुढील तीनपैकी एक कारण निघते. पहिले कारण उष्णता हे आहे. या बियांना उगवण्यासाठी १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि पत्र्याच्या गच्चीवर ऑक्टोबरच्या दुपारी ट्रे ठेवला तर त्यातले माध्यम त्याहून कितीतरी जास्त तापते. दुसरे कारण खोली. बी जेमतेम झाकेल इतकाच, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, चाळलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर द्यावा.

तिसरे कारण पुडीतच असते. स्टॅटिसचे बी दोन स्वरूपांत मिळते. एकात वाळलेल्या फुलाचे बोंडच बी म्हणून दिलेले असते आणि ते हातात कोंड्यासारखे, खरखरीत लागते. दुसऱ्यात बोंडातून सोडवलेले स्वच्छ, बारीक, लांबट तपकिरी बी असते. बोंडांची उगवण असमान होते. काही बोंडांत बी नसतेच, तर काहींत एकाहून अधिक असतात. शक्य असेल तर स्वच्छ बीच घ्यावे. बोंडेच हाती आली असतील तर ती दाट पेरावीत आणि उगवल्यावर विरळणी करावी.

उगवण साधारण आठव्या दिवसापासून सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळते, त्यामुळे दहाव्या दिवशी ट्रे उपडा करू नये.

५. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात स्टॅटिस येईल का?

झाड येईल, फूल येण्याची खात्री नाही.

स्टॅटिसला फुलावर येण्यासाठी थंडीचा इशारा लागतो. पाने जमिनीलगत गोलाकार पसरलेली असताना, साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या रात्री त्याला सहा-आठ आठवडे मिळाल्या, तर आत दांडा तयार होतो. दिवस मोठा होऊ लागला की तो लवकर वर येतो. पुण्यात आणि नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी तेवढ्या थंड असतात, निफाडकडे तर पारा त्याहूनही खाली जातो. मुंबईत तशा रात्री मोजक्या आणि गोव्यात जवळजवळ नाहीतच. तिथे पानांची सुरेख, बशीएवढी चकती तयार होते आणि ती एप्रिलपर्यंत तशीच बसून राहते.

गंमत अशी की समुद्रकाठच्या बाकीच्या अडचणी या झाडाला अडचणी वाटतच नाहीत. त्याच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे खारी हवा आणि थोडे खारवट पाणी ते सहज सोसते.

थंडीच्या कमतरतेवर दोन उपाय करून पाहता येतात. पहिला उपाय म्हणजे घाटावर वाढलेले, दांडा दिसू लागलेले रोप कुंडीसकट आणणे. दांडा दिसण्याआधीचे कोवळे रोप आणू नये, कारण थंडी मिळालेल्या लहान रोपाला लगेच कडक उष्णता सोसावी लागली, तर मिळालेला इशारा पुसला जातो. दुसरा उपाय बियांनाच थंडी देण्याचा आहे. बी ओल्या कागदात भिजवून, अंकुर दिसू लागताच, फ्रिजमध्ये २ ते ३ अंशांवर सुमारे महिनाभर ठेवायचे आणि मग पेरायचे. जपानमधले उत्पादक ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. घरच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा यासाठी पुरेसा थंड नसतो, वरचा कप्पा वापरावा. डिसेंबरच्या मध्यात बी बाहेर येईल अशा बेताने सुरुवात करावी. आमच्या परिचितांनी रत्नागिरीत हा प्रयोग केला तेव्हा निम्म्याहून कमी रोपांना दांडे आले, तेही आखूड. हौस म्हणून ठीक आहे, पण लग्नाच्या सजावटीचा भरवसा त्यावर ठेवू नये.

६. जमीन, कुंडी, खत आणि पाणी यांचे प्रमाण काय असावे?

पाण्याचा निचरा चांगला असला की जमिनीच्या बाबतीत हे झाड फारसे कुरकुरत नाही. मुरमाड जमीन चालते, काळ्या जमिनीत मात्र गादीवाफे करावेच लागतात. दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. हे अंतर वाचवण्याचा मोह होतो, पण पानांची चकती जमिनीवर आडवी पसरते आणि दाटीत तिच्याखाली हवा खेळत नाही.

कुंडीत लावायचे असेल तर १० इंची कुंडीत एकच रोप लावावे. मुळे खोल जातात, त्यामुळे पसरट, उथळ कुंडीपेक्षा उंच कुंडी चांगली. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घ्यावे आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. पूर्वेच्या बाल्कनीत हे जमते, उत्तरेच्या बाल्कनीत जमत नाही.

पाणी मुळाशी द्यावे. ठिबक असेल तर उत्तम, नसेल तर झारीचे तोंड पानांखाली धरावे. वरचा इंचभर थर सुकल्यावरच पुढचे पाणी द्यावे. खत बेताचेच द्यावे, विशेषतः युरियाचा हात आखडता ठेवावा. त्याचे कारण पुढच्या उत्तरात दिले आहे.

७. पाने भरपूर आली आहेत, पण दांडा एकही नाही. काय चुकले?

पहिला संशय थंडीवर घ्यावा (प्रश्न ५ पाहावा) आणि दुसरा पेरणीच्या तारखेवर (प्रश्न ३ पाहावा). या दोन्ही गोष्टी बरोबर असतील, तर नत्र (युरियातून मिळते ते) जास्त झाले आहे का किंवा ऊन कमी पडते आहे का, ते पाहावे. पाने गडद हिरवी, मऊ आणि लांब झाली असतील, तर नत्राचा अतिरेक समजावा. खत बंद करून पाणी थोडे ताणावे.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दांडा आला नाही, तर त्या हंगामात तो येण्याची आशा फार धरू नये.

८. तुऱ्यांवर करडी बुरशी येते किंवा रोप तळाशी कुजून उपटून येते. उपाय काय?

हे दोन वेगळे रोग आहेत, पण दोघांचेही मूळ साचलेल्या ओलाव्यात आहे.

करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, तुऱ्यांवर येते. काडीच्या पंखांत आणि फुलांच्या नरसाळ्यांत दव किंवा पाणी अडकून राहते आणि ढगाळ हवेत दोन-तीन दिवसांत तिथे धुरकट लव दिसू लागते. एका फेब्रुवारीत आमच्याकडे अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी ऊन पडले, फुले वरून कोरडी दिसली आणि मागणी होती म्हणून आम्ही ती कापून, जुड्या बांधून खोक्यात भरली. चौथ्या दिवशी ज्याने खोके उघडले त्याने आम्हाला फोटो पाठवला, त्यात जांभळ्या तुऱ्यांवर उंदराच्या पाठीसारखी लव होती. पैसे परत केले. तेव्हापासून पावसात भिजलेली फुले निदान दोन कडक उन्हाचे दिवस झाडावरच ठेवायची आणि कापण्यापूर्वी तुरा उलटा करून झटकून पाहायचा, असा आमचा नियम आहे. झटकल्यावर तळहाताला थंड, ओले लागले तर कापायचे नाही.

तळाची कूज जमिनीतल्या बुरशींमुळे होते. चकतीचा मध्य मातीखाली गाडला गेला की ती लवकर येते, म्हणून रोप लावताना मधला कोंब मातीच्या वर राहील अशी काळजी घ्यावी. लागवडीपूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून दिल्याचा उपयोग होतो. रोप एकदा तळाशी कुजले की ते वाचत नाही. ते भोवतालच्या मातीसकट काढून टाकावे, तिथे लगेच दुसरे रोप लावू नये आणि पुढच्या वर्षी वाफ्याची जागा बदलावी.

मावा आणि फुलकिडे यांचा त्रास त्या मानाने कमी असतो. सुरुवातीला निंबोळी अर्काच्या फवारणीवर भागते, पण ती तुरे उमलण्यापूर्वी करावी. रंगीत तुऱ्यावर तेलकट डाग राहिला तर तो सुकल्यावरही जात नाही.

९. फूल कापण्याची नेमकी वेळ कशी ओळखावी?

तुऱ्यातली साधारण ७५ ते ८० टक्के फुले उमलून त्यांचा पूर्ण रंग दिसू लागला की कापावे. हे उत्तर थोडक्यात देता येते, पण चूक सर्वाधिक इथेच होते. कळ्या असताना कापलेला गुलाब फुलदाणीत उमलतो, म्हणून स्टॅटिसही उमलेल असे लोक धरून चालतात. ते उमलत नाही. कापताना जेवढे उघडले असेल तेवढेच राहते आणि अर्धवट तुऱ्याची मान सुकताना वाकते.

उलट टोकाला, पूर्ण उमलून आठवडे झालेला तुरा बदामी पडू लागतो आणि काडीही पिवळसर होते. असे तुरे सुकवले तर रंग मळका येतो.

कापणी दव उडून गेल्यावर, सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास करावी. काडी जमिनीलगत, पानांच्या चकतीच्या वर दोन बोटे अंतर ठेवून तिरकी कापावी. चकतीला धक्का लावू नये, कारण त्याच रोपाला पुढचे दांडे येत असतात.

१०. ताजी फुले फुलदाणीत किती दिवस राहतात, आणि पाण्याला इतका वास का येतो?

दहा ते चौदा दिवस सहज राहतात. वास फुलाचा नसून कुजणाऱ्या पंखांचा असतो. काडीचा पंख हा पानासारखाच पातळ असल्याने पाण्यात बुडाला की दोन दिवसांत तो बुळबुळीत होतो. पाण्यात राहणाऱ्या भागावरचे पंख चाकूने दोन्ही बाजूंनी खरवडून टाकावेत आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. फुलदाणीत पाणी गळ्यापर्यंत भरण्याचीही गरज नाही, चार बोटे पुरते. धुक्यासारख्या फुलांच्या संकरित लिमोनियमला मात्र स्वतःचाही एक उग्र वास असतो आणि तो बंद खोलीत नकोसा वाटू शकतो.

फुले फुलदाणीतून काढून टाकण्याऐवजी पाणी संपू द्यावे आणि पुन्हा भरू नये. पुष्कळदा ती जागच्या जागीच सुकतात आणि उलटी टांगलेल्या काड्यांपेक्षा त्यांना अधिक सुंदर बाक येतो.

११. सुकवण्याची योग्य पद्धत कोणती?

खालची पाने काढावीत, आठ-दहा काड्यांची जुडी करावी, तिला रबरबँड लावावा आणि अंधाऱ्या, कोरड्या, वारा खेळता असलेल्या जागी उलटी टांगावी. एवढे पुरते. दोरीपेक्षा रबरबँड बरा, कारण सुकताना काड्या बारीक होतात, सुतळीची गाठ सैल पडते आणि एखाद्या पहाटे अख्खी जुडी जमिनीवर येऊन पडलेली दिसते. जुडी मोठी करू नये, मधल्या काड्यांना हवा मिळत नाही. तुरे एकमेकांत अडकू नयेत म्हणून जुडीतल्या काड्या थोड्या वरखाली ठेवाव्यात.

अंधाराविषयी पुन्हा पुन्हा विचारणा होते, कारण आपल्याकडे सुकवणे म्हणजे उन्हात घालणे असेच समीकरण आहे. पापड-कुरडयांना ऊन हवे, स्टॅटिसला नको. उन्हात काडी दोन दिवसांत वाळेल हे खरे, पण तेवढ्यात गुलाबी रंग अर्धा उतरलेला असेल. पलंगाखाली, कपाटामागे, जिन्याखालच्या खोलीत, जिथे पुस्तके खराब होत नाहीत अशी कोणतीही जागा चालते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराशेजारची भिंत टाळावी.

फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत देशावर दोन ते तीन आठवडे लागतात. सुकली की नाही हे तुऱ्यावरून कळत नाही, कारण तुरा पहिल्यापासून कोरडाच लागतो. तुऱ्याच्या जरा खाली काडी वाकवून पाहावी. कट्कन मोडली तर सुकली, लवली तर आणखी आठवडा ठेवावी.

सिलिका जेलमध्ये पुरणे, मायक्रोवेव्ह, इस्त्री हे सोपस्कार या फुलाला लागत नाहीत. ग्लिसरीनमुळे काड्या लवचीक राहतात, परंतु आम्हाला त्याचा खर्च वसूल होताना दिसलेला नाही.

१२. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत काय करावे?

पावसाळ्यात सुकवूच नये. देशावर ताजे फूल त्या काळात नसतेच, आणि बाहेरून आणलेले सुकवायला घेतले तर काडी वाळण्याआधी बुरशी धरते. कोकणात किंवा गोव्यात हिवाळ्यात आणलेली फुले सुकवायची झाल्यास पाच-सहा काड्यांच्याच जुड्या करून, पंखा चालू असलेल्या खोलीत टांगाव्यात. चुलीवरच्या माळ्यावर टांगण्याचा सल्ला काही वडीलधारी मंडळी देतात. काडी तिथे खरोखर छान वाळते, पण धुराने पांढरा आणि पिवळा रंग काळवंडतो.

सुकवलेल्या फुलांची साठवण हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण फेब्रुवारीत सुकवलेले फूल आपल्याला भाद्रपदात हवे असते आणि मधे अख्खा पावसाळा आहे. मृगाच्या आधी, हवा कोरडी असतानाच, जुड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेवाव्यात, सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकाव्यात, खोक्याच्या फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. कसर लागू नये म्हणून आम्ही वाळलेला कडुनिंबाचा पालाही घालतो. काडी पुरती सुकलेली नसेल, तर हेच प्लॅस्टिक घात करते. खोके गणपतीपर्यंत उघडू नये.

१३. सुकल्यावर रंग उडतो. कोणते रंग टिकतात?

गडद जांभळा आणि गडद निळा सर्वांत चांगले टिकतात. पिवळाही विश्वासू आहे. गुलाबी आणि जर्दाळू छटा आधी फिकट होतात, पांढरा हळूहळू साईसारखा पिवळसर होतो. बी घेताना ‘फोर्ट्रेस’ किंवा ‘क्यूआयएस’ यांसारख्या मालिकांतले रंगवार बी मिळते. सुकवण्यासाठीच लावायचे असेल, तर मिश्र रंगांच्या पुडीपेक्षा गडद निळ्याची वेगळी पुडी घ्यावी.

रंग उडवतो तो प्रकाश. खिडकीसमोरच्या फुलदाणीतली फुले एका उन्हाळ्यात फिकी होतात, तर आतल्या भिंतीवर तीच एक-दोन वर्षे बघण्याजोगी राहतात.

१४. सुकलेल्या काड्यांच्या माना का वाकतात आणि फुलांचा चुरा का पडतो?

मान वाकते ती लवकर कापल्यामुळे (प्रश्न ९ पाहावा) किंवा उलटे न टांगता आडवे ठेवून सुकवल्यामुळे. एकदा वाकडी सुकलेली मान सरळ होत नाही. अशा काड्या आखूड कापून कंकणासारख्या गोल सजावटीत वापराव्यात.

चुरा पडतो तो हाताळणीमुळे. गुच्छ बांधण्याचे काम कडक दुपारी करण्याऐवजी सकाळी लवकर किंवा रात्री करावे. हवेतल्या थोड्याशा ओलाव्याने काड्या किंचित नरम झालेल्या असतात. काम संपल्यावर हेअरस्प्रेचा हलका फवारा मारला तर गळ कमी होते, मात्र फवारलेल्या फुलांवरची धूळ नंतर फुंकरीने उडत नाही.

१५. पूजेत, गणपतीच्या मखरात किंवा हारात हे फूल चालते का?

शास्त्रार्थ सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. प्रघात असा आहे की देवाला वाहायचे फूल ताजे असावे, त्यामुळे सुकवलेले स्टॅटिस कोणी वाहत नाही. मखर, तोरण, गौरींच्या मागची सजावट यांसाठी ते सर्रास वापरले जाते आणि दीड दिवसाच्या गणपतीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत ते जसेच्या तसे राहते. दहा दिवसांत झेंडूचे तोरण दोनदा तरी बदलावे लागते.

सावधगिरी एकाच बाबतीत घ्यावी लागते. सुकलेले स्टॅटिस कागदासारखे पेटते. समई, निरांजन आणि उदबत्ती यांच्यापासून ते हातभर दूर असावे आणि आरती ओवाळताना तबक ज्या बाजूने फिरते त्या बाजूला तर ते लावूच नये.

ताज्या फुलाचा हार करता येतो, पण तो गळ्याला टोचतो. अंबाड्यात किंवा वेणीत मोगऱ्यासोबत दोन-चार तुरे खोवले तर ते दिवसभर मलूल होत नाहीत. नवरीच्या केसांसाठी आम्ही हाच उपयोग सुचवतो.

१६. बाजारातले स्टॅटिस रंगवलेले आहे हे कसे ओळखावे?

ओला कापूस तुऱ्यावर आणि काडीवरही घासून पाहावा. रंगवलेल्या फुलाचा रंग कापसाला लागतो आणि काडीवरही तीच छटा आढळते. नैसर्गिक फुलाची काडी हिरवी किंवा वाळल्यावर गवती पिवळी असते. गडद हिरवा, काळा किंवा भडक फिरोजी तुरा दिसला, तर तो रंगवलेलाच समजावा. रंगवण्यात फसवणूक असतेच असे नाही, पण असा तुरा पावसाळी हवेत पांढऱ्या पडद्याला लागला तर डाग राहतो.

१७. घरचे बी धरता येईल का? रोप दुसऱ्या वर्षी टिकते का?

बी धरता येते, पण रंगाची हमी राहत नाही. स्टॅटिसचे रोप स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, त्याला वेगळ्या प्रकारच्या दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. त्यामुळे कुंडीतल्या एकुलत्या रोपाची बोंडे बहुधा पोकळ निघतात आणि अनेक रंग शेजारी असतील तर पुढच्या पिढीत मिश्र छटा येतात. बी धरायचेच असेल, तर एकाच रंगाची दहा-बारा रोपे बाकीच्यांपासून दूर लावावीत आणि तुरे झाडावर पूर्ण वाळू द्यावेत. मिळणारे बी बोंडाच्या स्वरूपातले असेल, त्याच्या उगवणीविषयी प्रश्न ४ पाहावा.

रोप मुळात बहुवर्षायू आहे. आपल्याकडे मात्र जूनचा पाऊस त्याला तळाशी कुजवतो. छपराखाली ठेवलेली कुंडी क्वचित टिकते, पण दुसऱ्या वर्षीचे दांडे पहिल्याइतके जोमदार नसतात. दर वर्षी नवे रोप करणे श्रेयस्कर.

१८. विक्रीसाठी लागवड परवडेल का?

आधी गिऱ्हाईक ठरवावे, मग वाफा. पुण्यात गुलटेकडीच्या किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारात स्टॅटिस हे गुच्छात भर घालणारे फूल म्हणून जाते. लग्नसराईत त्याला मागणी असते, एरवी मुख्य फुलांचा भाव पडला की याचा आणखी पडतो. हाती न खपलेला माल सुकवता येतो, हा या पिकाचा मोठा आधार आहे, पण सुकलेल्या मालाच्या व्यापाराची मोठी केंद्रे तमिळनाडूत तुतिकोरिन आणि पूर्वेला कोलकाता येथे आहेत आणि तिथल्या व्यापाऱ्यांना एका शेतकऱ्याच्या शंभर जुड्यांत रस नसतो. पहिल्या वर्षी एका गुंठ्यापेक्षा जास्त लावू नये. वाटा सोडून ३० सेंटिमीटर अंतराने त्यात ७०० ते ८०० रोपे बसतात आणि एवढी फुले कापणे, बांधणे, टांगणे यांत घरातल्या दोन माणसांचा फेब्रुवारी संपतो. टांगायची जागा आधी मोजावी. आमच्याकडे पहिल्या वर्षी फुले होती आणि खिळे नव्हते.

१९. आम्ही परदेशात राहतो. हेच वेळापत्रक चालेल का? आणि येताना बी आणावे का?

वेळापत्रक उलटे करावे लागेल. जिथे हिवाळ्यात हिम पडते, तिथे शेवटच्या कडाक्याच्या थंडीच्या आठ-दहा आठवडे आधी घरात ट्रेमध्ये बी पेरावे आणि वसंतात, रात्री अजून थंड असताना पण हिमाचा धोका टळल्यावर, रोपे बाहेर लावावीत. फुले उन्हाळ्यात येतात. सौम्य हिवाळ्याच्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मात्र देशावरच्यासारखी शरदातली पेरणीही जमते.

बी भारतात आणण्याच्या फंदात पडू नये. वनस्पती आणि बियाणे यांच्या आयातीवर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाची बंधने आहेत, परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय खिशातली एक पुडीही विमानतळावर जप्त होऊ शकते. उलट दिशेने, इथून सुकलेला गुच्छ नेताना त्या देशाच्या सीमाशुल्क अर्जावर वनस्पतिजन्य वस्तू म्हणून तो जाहीर करावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत विशेष कडक आहेत, आणि स्टॅटिसच्या वाळलेल्या तुऱ्यात बी असू शकते हे तिथल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असते.